तुर्भ्याच्या क्षेपणभूमीतील वायूवर कचऱ्याच्या गाड्या चालतील का?

नेरुळमधील एका गृहनिर्माण संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेत कचऱ्याच्या डोंगरातून निघणाऱ्या वायूवर कचरा उचलणाऱ्याच गाड्या चालवतात, असे त्यांच्या वाचनात आले, मग तुर्भ्याच्या क्षेपणभूमीतला, म्हणजे शहराचा कचरा पुरण्याच्या जागेतला, वायू वापरून नवी मुंबईतले कॉम्पॅक्टर (कचरा दाबून भरणाऱ्या गाड्या) का चालवू नयेत, आणि चालवायचे ठरवले तर किती गाड्यांना तो पुरेल? क्षेपणभूमीवरील वायुसंकलन आणि बायोगॅसचे शुद्धीकरण याच कामात माझी बरीच वर्षे गेली असल्याने उत्तर जरा तपशिलात देतो. गाड्या चालतील, यात शंका नाही. मात्र त्यांच्यासाठी लागणारा वायू जुन्या कचऱ्याच्या ढिगातून काढण्यापेक्षा, ढिगावर जाण्याआधीच्या ओल्या कचऱ्यातून काढावा, असे माझे मत आहे, आणि त्याची कारणे पुढे येतील.

आपण वाचलेले उदाहरण बहुधा कॅलिफोर्नियातील अल्टामाँट क्षेपणभूमीचे असावे. लिव्हरमोर शहराजवळच्या या जागेवर वेस्ट मॅनेजमेंट ही कचरा उचलणारी कंपनी आणि लिंडे ही औद्योगिक वायू बनवणारी कंपनी यांनी २००९ मध्ये संयुक्त प्रकल्प सुरू केला. ढिगातला वायू शुद्ध करून उणे १६२ अंशांपर्यंत थंड करायचा आणि द्रवरूप मिथेन म्हणून गाड्यांत भरायचा, अशी ती योजना होती. दिवसाला १३,००० गॅलनपर्यंत, म्हणजे सुमारे ४९,००० लिटर इंधन आणि त्यावर तीनशेच्या आसपास गाड्या, ही त्याची क्षमता सांगितली गेली. कल्पनेतली खरी हुशारी रसायनशास्त्रात नसून वाहतुकीत आहे. कचऱ्याची गाडी रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फाटकातून आत येते, वजनकाट्यावर उभी राहते आणि रिकामी होऊन परत जाते. इंधन तिथेच तयार होत असेल तर पंप शोधत फिरावे लागत नाही, आणि इंधन दुसरीकडे वाहून नेण्याचा खर्चही उरत नाही. तुर्भ्याला हे सगळे जसेच्या तसे लागू पडते. बेलापूर, नेरुळ, वाशी, ऐरोली, कुठल्याही विभागातून निघालेली गाडी शेवटी तिथेच पोहोचते.

आता वायूकडे येऊ. हवा न मिळता कुजणाऱ्या कचऱ्यातून जो वायू निघतो त्यात साधारण निम्मा मिथेन, थोडा कमी कार्बन डायऑक्साइड आणि बाकी पाण्याची वाफ, हायड्रोजन सल्फाइड व इतर अनेक संयुगांचे अंश असतात. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के मिसळला की ठिणगीने पेट घेतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची तापमानवाढीची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट धरली जाते, आणि वीस वर्षांचा हिशेब केला तर ऐंशीच्याही वर जाते. त्यामुळे क्षेपणभूमीतला वायू गोळा करणे हे इंधन मिळो वा न मिळो, करावेच लागते. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये क्षेपणभूमीच्या जागेवर मिथेनचे प्रमाण त्याच्या ज्वलनाच्या किमान मर्यादेच्या २५ टक्क्यांपुढे, म्हणजे हवेत सव्वा टक्क्यापुढे जाऊ देऊ नये, असे सांगितले होते. गोळा केलेल्या वायूचा उष्णतेसाठी किंवा विजेसाठी उपयोग करावा, ते शक्य नसेल तर तो जाळावा, अशीही तरतूद त्यात होती. मुंबईतील गोराईचे डंपिंग ग्राउंड शास्त्रोक्त पद्धतीने बंद केले तेव्हा वायू गोळा करून जाळण्याची योजना कार्बन क्रेडिटसाठी, म्हणजे टाळलेल्या उत्सर्जनाच्या विकता येणाऱ्या श्रेयासाठी, नोंदवण्यात आली, ती याच विचाराने.

अमेरिकेचे गणित आपल्याकडे बसत नाही, त्याचे पहिले कारण आपल्या स्वयंपाकघरात आहे. आपल्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला भाग असतो: भाजीची देठे, सालपटे, उरलेले अन्न, नारळाच्या करवंट्या, हार-फुले. त्यात कोकणपट्टीचा उष्ण दमटपणा आणि अडीच हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस. अशा हवामानात अन्नकचरा फार वेगाने कुजतो. हवामानबदलावरील आंतरशासकीय समितीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत उष्ण व ओल्या प्रदेशातील अन्नकचऱ्यासाठी कुजण्याचा जो दर दिला आहे, त्यावरून त्याचा अर्धायुष्यकाळ, म्हणजे निम्मा भाग कुजायला लागणारा काळ, पावणेदोन वर्षांच्या आसपास निघतो. कागद आणि कापडासाठी तोच काळ दहा वर्षांच्या आसपास, आणि लाकडासाठी वीस वर्षांच्या आसपास येतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की, क्षेपणभूमीचा एखादा कक्ष, म्हणजे कचरा भरण्याचा एक खण, भरून झाला, त्यावर माती व झाकण घातले, विहिरी खोदल्या, निविदा निघाली, यंत्रे आली, परवाने मिळाले, आणि या सगळ्यात सात वर्षे गेली, तर अन्नकचऱ्यापासून मिळणाऱ्या वायूचा साधारण सोळावा हिस्साच शिल्लक राहिलेला असतो. सरकारी कामाचा वेग ज्यांनी पाहिला आहे त्यांना सात वर्षे हा आकडा अतिशयोक्त वाटणार नाही. अल्टामाँटसारख्या कोरड्या हवेतल्या, कागदाचे प्रमाण मोठे असलेल्या ढिगाला वायू देण्यासाठी दशके मिळतात. तेवढी सवड आपल्या ढिगाला नाही.

दुसरे कारण वायू ढिगातून बाहेर काढण्याच्या क्रियेतच आहे, आणि ते नीट समजावे म्हणून विहीर कशी असते ते सांगतो. झाकलेल्या कक्षात ठरावीक अंतरावर उभी भोके पाडून त्यात छिद्रे असलेले जाड प्लास्टिकचे पाइप सोडतात, भोवती खडी भरतात आणि वरच्या टोकाला बेंटोनाइट मातीची डाट बसवतात. पाइपाच्या डोक्यावर एक झडप आणि नमुना घेण्याची बारीक तोटी असते. सगळ्या विहिरी आडव्या नळीने जोडून ब्लोअरने (वायू ओढणाऱ्या पंख्याने) हलके शोषण देतात. हे शोषण किती ठेवायचे, इथेच सगळे कौशल्य आहे. कमी ठेवले तर वायू झाकणाच्या भेगांतून हवेत जातो; जास्त ठेवले तर त्याच भेगांतून बाहेरची हवा आत ओढली जाते. विहिरीवर वायूंचे प्रमाण मोजणारा विश्लेषक लावला की मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन असे तीन आकडे दिसतात, आणि तिघांची बेरीज शंभरातून वजा केल्यावर जो उरतो तो मुख्यतः नायट्रोजन. अनुभवी माणूस आधी हा चौथा आकडा बघतो. ऑक्सिजन ढिगातले जिवाणू वाटेतच खाऊन टाकतात, त्यामुळे ऑक्सिजन शून्याजवळ दिसला तरी हवा शिरत नाही असे समजता येत नाही. नायट्रोजन मात्र लपत नाही. हवा सतत शिरत राहिली की ढीग आतून तापतो आणि पृष्ठभागाखाली आग धुमसू लागते. ठाण्याजवळच्या दिवा गावातील बंद झालेल्या डंपिंगसारख्या, वर्षानुवर्षे मिश्र कचरा उघड्यावर पडलेल्या जागांच्या बाबतीत तर वायुसंकलनाचा विचार जवळजवळ सोडूनच द्यावा लागतो, कारण शोषण द्यायचे तर वर धड झाकण हवे.

पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. विहिरीत लीचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपणारे घाणपाणी, चढते. छिद्रांचा निम्मा भाग घाणपाण्याखाली गेला की त्या विहिरीचा वायू निम्म्यावर येतो, आडव्या नळीच्या सखल भागात पाणी साचते आणि ब्लोअरचा आवाज ऐकूनच कुठेतरी गुळगुळ होते आहे हे कळते. नळीला पुरेसा उतार दिला नसेल आणि पाणी काढण्याचे सापळे नेमक्या जागी नसतील तर जुलै-ऑगस्टमध्ये अर्धी यंत्रणा बंद असते. ढीग खचत राहत असल्याने आज बरोबर असलेला उतार पुढच्या वर्षी बरोबर असेलच असेही नाही. वीज बनवणारे इंजिन अशा वेळी कमी भाराने चालवता येते. सकाळी सहाला निघणाऱ्या गाड्यांना मात्र टाकी अर्धी भरून पाठवता येत नाही.

शोषलेला वायू गाडीत घालण्याजोगा करणे हे तिसरे कारण, आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक. आपल्याकडे वाहनांसाठीच्या बायोगॅसला आयएस १६०८७ हे मानक लागू आहे. त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत मिथेन किमान ९० टक्के, कार्बन डायऑक्साइड जास्तीत जास्त ४ टक्के, कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन व ऑक्सिजन मिळून १० टक्के, आणि एकटा ऑक्सिजन अर्धा टक्का, अशा मर्यादा आहेत. आता एका विहिरीचा नमुना घेऊ: मिथेन ५०, कार्बन डायऑक्साइड ४१, नायट्रोजन ८, ऑक्सिजन १. जुन्या क्षेपणभूमीसाठी हा नमुना वाईट म्हणता येणार नाही. यातला कार्बन डायऑक्साइड अगदी शेवटच्या कणापर्यंत काढला असे समजा. उरलेल्या ५९ भागांत मिथेन ५०, म्हणजे जेमतेम ८५ टक्के, आणि ऑक्सिजन १.७ टक्के. वायू नापास. वायू पाण्याने धुण्याची पद्धत असो वा पातळ पडद्यातून गाळण्याची, दोन्ही कार्बन डायऑक्साइड चांगला काढतात, पण मिथेन आणि नायट्रोजन वेगळे करणे त्यांच्या आवाक्यातले नाही. त्यासाठी दाब बदलून शोषण करणारी निराळी यंत्रणा किंवा अतिशीत तंत्र लागते. तासाला काही हजार घनमीटर वायू देणाऱ्या प्रचंड क्षेपणभूमीला हा खर्च पेलतो. दोनशे-तीनशे घनमीटरवाल्या जागेला प्रत्येक किलोमागे तो फार महाग पडतो.

शिवाय ढिगात काय काय गेले आहे यावरही वायूचा कस ठरतो. घराच्या नूतनीकरणात निघालेला पीओपीचा राडारोडा कचऱ्यात टाकला की त्यातल्या कॅल्शियम सल्फेटपासून ओलसर, हवाबंद जागेत हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, आणि तो नळ्या, झडपा, इंजिन सगळेच पोखरतो. शाम्पू, क्रीम, सौंदर्यप्रसाधने यांतून येणारी सिलोक्सेन ही संयुगे त्याहून छुपी. ती जळली की वाळूचीच बारीक भुकटी उरते. अशा वायूवर चाललेल्या इंजिनाचा स्पार्क प्लग उघडून पाहिला तर टोकावर काजळीऐवजी पांढरट, टणक थर दिसतो, आणि तोच थर झडपांवर व सिलिंडरच्या डोक्यावरही बसलेला असतो. सक्रिय कोळशाच्या टाक्यांतून वायू नेला की सिलोक्सेन अडतात, पण कोळसा वेळेवर बदलावा लागतो. देखभालीच्या अंदाजपत्रकातून सर्वांत आधी कापला जाणारा खर्च हाच असतो, असे निरीक्षण आहे.

याशिवाय धोरणाचा एक पेच आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. स्वच्छ भारत अभियानाच्या २०२१ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात जुने ढीग बायोमायनिंग करून, म्हणजे खणून, वाळवून, चाळून जागा मोकळी करण्यावर भर आहे. पोकलेनने ढीग फोडला आणि कचरा हवेशीर रांगांत पसरला की मिथेन बनणे थांबते. म्हणजे ज्या ढिगाचे बायोमायनिंग होणार आहे त्यावर वायूचा प्रकल्प उभारण्यात अर्थ नाही, आणि ज्यावर वायूचा प्रकल्प उभारला त्याला पंधरा-वीस वर्षे हात लावता येत नाही. दोन्हींची निविदा एकाच जागेसाठी निघालेली दिसली तर आश्चर्य वाटून घेऊ नये, पण प्रश्न जरूर विचारावा. त्यातच, २०१६ च्या नियमांची दिशा कुजणारा कचरा क्षेपणभूमीत जाऊच नये अशी होती. शहराने वर्गीकरण जितके चांगले केले तितका पुढच्या कक्षांतला वायू कमी. कचरा वर्गीकरणात आपले नाव वर ठेवू पाहणाऱ्या नवी मुंबईने क्षेपणभूमीतल्या वायूवर गाड्यांचा ताफा अवलंबून ठेवावा, हे मला तर्काला धरून वाटत नाही.

म्हणून तुर्भ्यातल्या बंद कक्षांतून जो वायू मिळेल तो गोळा करून फार शुद्ध न करता जवळच वापरावा, लीचेट आटवण्यासाठी किंवा जागेवरच्या विजेसाठी, आणि उरेल तो फ्लेअरवर, म्हणजे वायू जाळण्याच्या चिमणीवर, जाळावा. गाड्यांसाठी मात्र त्याच आवारात ओल्या कचऱ्याचा बंदिस्त पाचक, म्हणजे हवेविना कचरा कुजवून वायू देणारी टाकी, उभारावा. मोठ्या प्रमाणावर हे होते, याचा पुरावा इंदूरला आहे. तिथला गोबरधन प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. त्याची क्षमता दिवसाला ५५० टन वर्गीकृत ओला कचरा आणि सुमारे १७,००० किलो बायो-सीएनजी (गाडीत भरण्याजोगा शुद्ध केलेला बायोगॅस) अशी आहे, आणि त्यातला वायू शहर बससेवेला जातो. म्हणजे टनाला साधारण ३१ किलो. पाचकात हवा शिरत नाही, त्यामुळे वरचा नायट्रोजनचा प्रश्नच उद्भवत नाही. वायू महिनाभरात हाती येतो आणि पुढची पंधरा वर्षे कमी होत जात नाही. तुलनेसाठी सांगायचे तर, क्षेपणभूमीत टाकलेल्या एक टन मिश्र कचऱ्यातून कागदावर ४० किलोच्या आसपास मिथेन निघतो, पण संकलनातली गळती आणि शुद्धीकरणातली घट वजा जाता १५ किलो हाती लागला तरी समाधान मानावे, आणि तोही अनेक वर्षांत विभागून.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग, किती गाड्या. गल्लीबोळांत थांबत-थांबत चालणारा, प्रत्येक थांब्यावर दाबयंत्र चालवणारा मोठा कॉम्पॅक्टर दिवसाला २५ ते ३५ किलो सीएनजी घेतो, असे धरून चालू. तीच गाडी एका खेपेत सहा ते आठ टन कचरा आणते. त्यातला निम्मा ओला आणि वेगळा केलेला असेल, तर एका खेपेच्या ओल्या कचऱ्यातून शंभर किलोच्या आसपास वायू मिळतो. म्हणजे गाडीने दिवसात दोन खेपा केल्या, तर ती स्वतःच्या गरजेच्या सहा-सात पट इंधन आणून टाकते. प्रकल्पाला लागणारी वीज, कॉम्प्रेसरचा खर्च, वर्गीकरणात बाद होणारा कचरा हे सगळे वजा केले तरी पन्नास गाड्यांना लागणारा दीड टन वायू दिवसाला साठ टनांहून कमी ओल्या कचऱ्यात निघावा. शहराचा रोजचा एकूण कचरा शेकडो टनांत असल्याने वायूची टंचाई हा या योजनेचा प्रश्न होणार नाही. वाशीच्या एपीएमसीतला (कृषी उत्पन्न बाजार समितीतला) फळे-भाजीपाल्याचा कचरा यासाठी फार चांगला कच्चा माल आहे, कारण तो एकाच जागी, जवळजवळ वेगळा केलेलाच मिळतो. फक्त फळांचे प्रमाण एकदम वाढले की पाचक आंबट होतो, त्यामुळे आंब्याच्या हंगामात त्यात घरगुती किंवा हॉटेलचा कचरा मोजून मिसळावा लागतो. तुर्भ्यापासून खाडीपलीकडे ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस काढण्याचे 'निसर्गऋण' तंत्र विकसित केले त्यालाही बराच काळ लोटला आहे, तेव्हा ज्ञान कमी पडते आहे असे कोणी म्हणू नये.

उरलेला वायू वाया जाण्याचे कारण नाही. ठाणे व नवी मुंबईत महानगर गॅसचे जाळे आहेच, आणि केंद्राने शहर वायू वितरणात बायोगॅस मिसळण्याचे बंधन २०२५-२६ मध्ये १ टक्का, पुढे ३, ४ आणि २०२८-२९ पासून ५ टक्के असे ठरवले आहे. त्यामुळे शुद्ध वायू वाहिनीत सोडून गाड्यांनी नेहमीच्या पंपावर सीएनजी भरणे, हाही मार्ग खुला आहे. आवारातच भरायचा असल्यास रात्री गाड्या रांगेत उभ्या करून सावकाश भरणारी व्यवस्था करावी. झटपट भरणाऱ्या पंपापेक्षा ती स्वस्त पडते आणि सिलिंडरही कमी तापतात.

गाड्यांबाबत विशेष सांगण्यासारखे थोडेच आहे. जुने डिझेल इंजिन बदलून घेण्याच्या भानगडीत पडू नये, मुदत संपलेल्या गाड्यांच्या जागी कारखान्यातूनच सीएनजीवर आलेल्या घ्याव्यात. पोलादी सिलिंडरांच्या वजनाने गाडीची कचरा वाहण्याची क्षमता थोडी घटते, हे फेऱ्यांचे वेळापत्रक आखताना धरावे. सोसायट्यांना जाणवेल असा फायदा म्हणजे पहाटेचा आवाज आणि फाटकाशी उभ्या गाडीचा काळा धूर, दोन्ही कमी होतात. छोट्या घंटागाड्यांसाठी मात्र मी सीएनजीपेक्षा विजेची बाजू घेईन. शुद्ध मिथेनला वास नसतो, म्हणून भरण्याआधी त्यात वासाचे द्रव्य मिसळले जाते की नाही हे पाहिलेच पाहिजे, आणि प्रत्येक सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी पाण्याच्या दाबाची चाचणी ठेकेदाराच्या कागदांत नव्हे, सिलिंडरवर ठोकलेल्या तारखेत बघावी.

आपल्या संस्थेने महापालिकेकडे हा विषय नेण्याचे ठरवले असेल तर निविदेच्या तीन गोष्टींवर बोलावे. ठेकेदाराला पैसे आणलेल्या कचऱ्याच्या टनावर न देता गाडीत भरलेल्या प्रमाणित वायूच्या किलोवर द्यावेत. टनावर दिले की पाचकात काहीही ढकलले जाते. ओल्या कचऱ्यात प्लास्टिक व राडारोडा किती टक्क्यांपर्यंत चालेल, त्यापुढे तो कोणी नाकारायचा आणि नाकारलेला कोणी उचलायचा, हे करारात लिहिलेले असावे, कारण पाचकांचे बंद पडणे बहुतेक वेळा इथून सुरू होते. आणि पाचकातून निघणारा गाळ कुठे जाणार, याचे उत्तर आधी मिळावे. टनामागे मोठ्या प्रमाणात निघणारा हा ओला गाळ वाळवून खत करायला जागा लागते, आणि नवी मुंबईत जागेचा भाव पाहता नकाशावर ती आधीच राखून ठेवली नाही तर नंतर मिळत नाही.